चुकणारं एन्झाइम कशाला ठेवायचं? विन्याला पत्र

प्रिय विन्या,
सप्रेम नमस्कार.

डीएनएची नक्कल करताना हमखास चुकणारी एन्झाइम्स पेशी पोसते तरी कशाला, हा तुझा प्रश्न फोनवर मी टोलवला होता. आज निवांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो. उत्तर पावाच्या यीस्टवरून देतो. या विषयातलं बरंचसं शहाणपण आपल्याला त्यानेच दिलंय.

यीस्टच्या डीएनएत सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं, ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चारच प्रकारांची. नक्कल करणारी मुख्य एन्झाइम्स, म्हणजे मुख्य पॉलिमरेज, कमालीची काटेकोर: चुकीचं अक्षर बसलं तर मागे येऊन खोडतात. पण अतिनील किरणांनी शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटले, की तो वाकडा भाग त्यांच्या घट्ट खोबणीत मावत नाही आणि काम तिथेच अडतं. अशा वेळी सैल खोबणीची पॉलिमरेज पुढे होतात. यीस्टकडे अशी तीन आहेत: ईटा, झीटा आणि रेव्ह-१.

सरसकट तिघांनाही गबाळी म्हणणं मला पटत नाही. ईटा त्या चिकटलेल्या थायमिनांसमोर बहुतेक वेळा बरोबर, दोन ॲडेनिनच बसवतं. माणसात ते नसलं तर उन्हाने त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका फार वाढतो, हे १९९९ मध्ये कळलं. रेव्ह-१ मात्र विक्षिप्तच! समोर काय लिहिलंय ते न वाचता ते शक्यतो सायटोसिनच बसवतं. मूळ अक्षराला बाजूला ढकलून स्वतःच्याच एका आर्जिनिन या अमिनो आम्लाशी सायटोसिनची जोडी जुळवतं. २००५ मध्ये त्याची रचना दिसली तेव्हा हे उलगडलं. झीटाचं काम निराळं: जोडी नीट जुळली नसली तरी तिथून धागा पुढे वाढवायचा. १९७१ मध्ये जेफ्री लेमाँट यांनी यीस्टचे असे वाण शोधले, की अतिनील किरण पाडूनही त्यांच्यात उत्परिवर्तनं, म्हणजे डीएनएच्या मजकुरातले कायमचे बदल, फारशी होईनात. रेव्ह-१ आणि झीटा यांची जनुकं त्यातूनच हाती लागली. म्हणजे किरण नुसती इजा करतात. त्या इजेचं उत्परिवर्तन बहुतांशी पेशीचीच ही एन्झाइम्स करतात. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की निम्मा वर्ग अविश्वासाने बघतो.

आता त्यांच्यावर ताबा कसा ठेवायचा? डीएनएभोवती पीसीएनए नावाचं प्रथिनाचं कडं असतं, पॉलिमरेज त्याला धरून चालतात. काम अडलं की रॅड-६ आणि रॅड-१८ ही प्रथिनांची जोडी कड्याच्या १६४व्या स्थानावरच्या लायसिन या अमिनो आम्लावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचा एक मणी लावते. एक मणी म्हणजे सैल पॉलिमरेजना बोलावणं. रॅड-५ या आणखी एका प्रथिनाने त्याची माळ केली, तर पेशी शेजारच्या नव्या, शाबूत प्रतीवरून मजकूर घेते आणि चूक टळते. स्टेफान येंच यांच्या गटाने २००२ मध्ये हे दाखवलं.

पण मला खरी भुरळ पडली ती वेळेची. पेशीचे टप्पे क्रमाने जी-१, एस, जी-२ आणि मग विभाजन; नक्कल एस टप्प्यात होते, तेव्हा रेव्ह-१ त्याच टप्प्यात सर्वांत जास्त असणार, असंच कोणालाही वाटेल. २००६ मध्ये वॉटर्स आणि वॉकर या संशोधकांनी मोजलं, तर ते जी-१ मध्ये आणि एसच्या बऱ्याच भागात अगदी नगण्य निघालं. नक्कल जवळजवळ उरकल्यावर, जी-२ आणि विभाजनाच्या सुमारास, सुमारे पन्नास पट वाढलेलं. पोथी उतरवणारा लहिया डाग पडलेल्या ओळीपाशी जागा सोडून पुढे जातो आणि अंदाजाने भरायचं ते शेवटी भरतो, तसंच हे. २०१० मध्ये येंच आणि हेले उलरिख यांच्या गटांनी वेगवेगळ्या प्रयोगांत ही यंत्रणा एस टप्प्यात बंद ठेवून नंतर चालू केली. तरीही पेशी तगल्या. त्यामुळे पेशी ही एन्झाइम्स काढून का टाकत नाही, याचं उत्तर असं: मागे राहिलेली फट न भरता विभाजन झालं तर गुणसूत्र तुटू शकतं. त्यापेक्षा एखादं अक्षर चुकलेलं परवडतं, फक्त चुकणाऱ्याला आधी आत घ्यायचं नाही.

तुझ्या डॉक्टर भाच्याला पुढचं आवडेल. सिसप्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाने कर्करोगाच्या पेशींचा डीएनए बिघडवला, तरी त्या याच वाटेने निसटू शकतात. २०१९ मध्ये वॉकर यांचाच सहभाग असलेल्या गटाने रेव्ह-१ आणि झीटा यांची जोडी तोडणारं एक रसायन उंदरांवर वापरलं, तेव्हा सिसप्लॅटिनचा परिणाम वाढला. त्याच्या वॉर्डात सिसप्लॅटिनला दाद न देणाऱ्या गाठी किती दिसतात, ते त्याला विचारून मला कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शऱ्या