वैशूला, माझ्या हळदीच्या दातांबद्दल

प्रिय वैशू,

तुझा आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी बसमध्ये ऐकला, इयरफोन घरी राहिलेले, त्यामुळे "बसवून टाक की गं ते व्हेनियर, किती वर्षं तोंडावर हात ठेवून हसणारेस" हे शेजारच्या काकूंनीही ऐकलं आणि स्वारगेट येईपर्यंत माझ्या तोंडाकडेच बघत बसल्या. म्हणून आता बोलून नाही, टाईप करून सांगते. व्हेनियर म्हणजे दातांवर चिकटवायच्या पोर्सिलेनच्या पातळ कवच्या, एवढंच आपल्याला माहीत, पण त्यामागे बरंच आहे. लांबेल, चहा घेऊन बस.

माझ्या दातांचा इतिहास तुला काय सांगायचा, पाचवीत "हळदीचे दात" हे नाव तूच ठेवलेलंस. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोत दात दिसत नाहीत, सासूबाईंना कित्येक दिवस वाटायचं मी खडूस आहे. तर हे टेट्रासायक्लिनचे डाग, लहानपणी घसा धरला की ते औषध सर्रास द्यायचे, आणि दात तयार होत असताना ते कॅल्शियमला चिकटून दातातच बसतं, म्हणून आता आठ वर्षांखालच्या पोरांना सहसा देत नाहीत. म्हणजे डाग वरचा नाहीच, डेंटिनमधला, म्हणजे दाताच्या आतल्या थरातला. कितीही घासा. आईला हे सांगितलं तर तिचे डोळे भरून आले, मग तो विषय मी परत काढला नाही.

आधी गेले एका चकाचक क्लिनिकमध्ये, नाव नको. फोटो काढून वीस मिनिटांत कॉम्प्युटरवर माझे वरचे दहा दात पांढरेशुभ्र करून दाखवले, बाई हसतीये छान, फक्त ती मी नाहीये. दाताला १५ हजार, दहाचे दीड लाख, वर हप्त्यांची सोय. मी विचारलं कवच्या बसवायला माझे दात घासून किती पातळ करणार, तर "अगदी नखाएवढं मॅडम". आणि तुम्ही रात्री दात खाता का, हे कोणी विचारलंच नाही. मी खाते गं! ह्यांना विचार, रात्री शेजारी जातं चालू असल्यासारखं वाटतं म्हणे.

मग सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांकडे गेले, लाकडी जिना, बाहेर "चपला रांगेत काढाव्यात". त्यांचा पहिला प्रश्न, "लग्न कोणाचंय?" म्हणलं कोणाचंच नाही. "मग घाई नाही, बसा." आणि खरंच तासभर बसवलं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. हे व्हेनियर मुळात सिनेमावाल्यांसाठी निघाले, १९२८ साली हॉलिवूडमधल्या चार्ल्स पिंकस नावाच्या दातांच्या डॉक्टरने नटांच्या दातांवर पातळ कवच्या चिकटवल्या, त्याही फक्त शूटिंगपुरत्या, कारण पक्क्या चिकटायच्याच नाहीत. काम झालं की काढायच्या, नथीसारख्या. पुढे १९५५ मध्ये ब्युओनोकोर म्हणून एकाने दाखवलं की इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरावर, अ‍ॅसिड लावून ते जरा खरखरीत केलं की चिकटवलेलं धरून राहतं, आणि ८०च्या दशकात पोर्सिलेनची आतली बाजूही अ‍ॅसिडने तशीच करायला लागले, तेव्हा कुठे ते कायमचे बसायला लागले. मी मनात म्हणलं, मला तर नथवालेच पाहिजेत की!

कारण आत्ताचे काढता येत नाहीत. म्हणजे निघतात, पण खाली तुझा जुना दात उरलेला नसतो. साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर इनॅमल घासतात, ऐकायला काहीच नाही, पण इनॅमलच मुळात केवढंसं, आणि गेलेलं परत येत नाही. माझ्यासारखा गडद डाग झाकायचा तर कवची जरा जाड लागते, म्हणजे घासायचंही जास्त. आणि जास्त घासलं की डेंटिन उघडं पडतं, तिथे इनॅमलइतकी पकड येत नाही वर गार-गरम झोंबतं. डाग लपवायला जितकं खोल जावं तितका पाया कच्चा, असा सगळा घोळ आहे.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर म्हणशील ही भित्री ती भित्रीच. पोर्सिलेन दिसतं भारी. उजेड त्यातून खऱ्या दातासारखा आत जातो, चहाने पिवळं पडत नाही, नीट बसवलं तर १०-१५ वर्षं सहज. आमच्या ऑफिसातल्या एकीचे नऊ वर्षं झाली, तिने सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. आणि टेट्रासायक्लिनवर शेवटी तोच पक्का उपाय असतो असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. पण मी ४२ची आहे, म्हणजे पंचावन्नच्या आसपास बदला, सत्तरीला परत बदला, दर वेळी थोडं अजून घासा, थोडे अजून पैसे. कवचीला कीड लागत नाही पण कडेच्या दाताला लागते. आणि दात खाणाऱ्या बाईला रात्री नाईट गार्ड, म्हणजे दातांवर चढवायचं आवरण, घालणं आलंच, नाहीतर तडकतात. ऊस सोलणं, दोरा तोडणं, दुधाची पिशवी दातांनी फोडणं बंद. सिंहगडावरचं कणीस सुरीने दाणे काढून खायचं, विचार कर!

तरी एक हट्ट केलाच, म्हणलं न घासता नुसतं दाखवा तरी. मग त्यांनी माप घेऊन, पुढच्या आठवड्यात माझ्या दातांवरच तात्पुरतं मटेरियल लावून दिलं, मॉकअप म्हणतात, आणि सांगितलं दोन दिवस हिंडा असंच. घरी आले. लेक म्हणाली वाव. हे म्हणाले टीव्हीवरच्या बातम्या देणारीसारखी दिसतेस, कौतुक होतं की काय कळलं नाही. आईने चष्मा लावून बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाली, "छान आहेत. पण हसलीस की बाबांसारखी दिसायचीस, ते गेलं." आता यावर काय बोलणार. मी आरशासमोर तोंड उघडून हसून बघितलं, पन्नास वेळा, हात न ठेवता, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली.

तर ठरलंय ते असं. आधी ब्लीचिंग, दातांवर चढवायचा माझ्या मापाचा ट्रे, त्यात १० टक्केवालं ब्लीचचं जेल, रोज रात्री. या डागांना दोन ते सहा महिने लागतात, कधी वर्षही, आणि पट्टे पूर्ण जातील असं नाहीच. पण नुसते फिके झाले तरी पुढे कवची पातळ चालेल, घासायचं कमी. नंतर वाटलंच तर पुढचे चारच, दहा नाहीत. ब्लीच आधीच करावं लागतं कारण पोर्सिलेनवर त्याचा काही परिणाम होत नाही, ज्या शेडचं बसेल त्याच शेडचं राहणार, आणि ब्लीचनंतर चिकटवायच्या आधी दोनेक आठवडे थांबायचं.

आणि तू, बये, शाळेच्या नळावर आपटून तुटलेल्या त्या एका टवक्यासाठी सहा व्हेनियर बसवायचं म्हणतेस, कशाला? तुला कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल, लावून देतील, एका बैठकीत, जवळजवळ काही न घासता. पाच-सात वर्षांत पिवळं पडेल, टवका उडेल, मग परत लावायचं, दात तर जागेवर राहील. नाशकातच कोणालातरी दाखव, आणि आधी विचार किती घासणार, मिलिमीटरमध्ये.

बाकी दहानंतर फोन करू नकोस. ट्रे तोंडात असतो, श चा स होतो, काल मामींना "शुभेच्छा" म्हणायला गेले आणि त्यांनी विचारलं प्यायलीस की काय.

तुझीच,
मीना