अणुऊर्जा राज्यमंत्र्यांना खुले पत्र : खाडीपलीकडचे चर

मा. अणुऊर्जा राज्यमंत्री, भारत सरकार
यांस स. न. वि. वि.

मी १९८६पासून वाशीत राहतो. सगळी नोकरी पावसाळी गटारं आणि नाल्यांच्या कामात गेली. अणुविज्ञानातलं मला फार कळतं असं नाही. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं आणि काँक्रीटचं काय करतं, तेवढं मात्र कळतं.

वाशीहून लोकल मानखुर्दकडे निघाली की पुलावर डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथला सगळ्यात जहाल किरणोत्सारी कचरा काचेत मुरवून पोलादी डब्यांत बंद करतात, त्याबद्दल माझं आज काही म्हणणं नाही. मी लिहितोय ते कमी आणि मध्यम तीव्रतेच्या कचऱ्याबद्दल. तो तिथेच आवारात, जमिनीलगतच्या दगडी आणि आरसीसी (म्हणजे पोलादी सळया घातलेल्या काँक्रीटच्या) चरांत पुरतात. हॉस्पिटलांतून बाद झालेले किरणोत्सारी स्रोतही तिथे येतात. माझी थोरली बहीण कोबाल्टच्या मशीनवर, म्हणजे कॅन्सरवरच्या किरणोपचाराने बरी झाली, त्यामुळे हा कचरा नकोच, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या कचऱ्यातल्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी धातूचं अर्धं आयुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ३० वर्षांचं. दहा वेळा अर्धं झालं की हजारावा हिस्सा उरतो, म्हणून अशा चरांवर साधारण ३०० वर्षं देखरेख ठेवायचा हिशेब धरतात. आता ३०० वर्षं म्हणजे किती? मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला १७३७ साली. त्याला अजून ३०० वर्षं व्हायचीत, आणि त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

आमच्या धारण तलावांचं सांगतो. वाशीची बरीच जमीन भरतीच्या पातळीखाली, म्हणून खाडीकाठी तलाव केले. भरती आली की झडपा मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटीला झडपा उघडतात, पाणी खाडीत जातं. योजना उत्तम होती. पण पुढे तलाव गाळाने भरले, गाळात तिवरं उगवली आणि तिवरांना हात लावायचा तर हायकोर्टाची परवानगी लागते. एका उधाणाच्या रात्री मी टॉर्च घेऊन झडपेपाशी गेलो. फटीत एक नारळ आणि कुणाच्या तरी गणपतीचं मखर अडकलेलं, आणि खाडी त्यातून उलटी आत येत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ड्रॉइंग काढून पाहिलं. त्यात तलावाचा तळ मूळ लेव्हललाच! कागदावर गाळ साचत नाही, साहेब. हे सगळं जेमतेम तीस वर्षांतलं.

हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय समितीने २१००पर्यंत समुद्र ०.२८ ते १.०१ मीटर चढेल असा अंदाज दिलाय आणि त्यानंतरही तो शतकानुशतकं चढतच राहील, असंही म्हटलंय. पाऊस काय करतो ते २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरने दाखवलंच.

लोक विचारतात, लाट भिंतीवरून येईल का? तमिळनाडूत कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्रात २००४च्या त्सुनामीत पंपघरात पाणी शिरलं आणि अणुभट्टी सुरक्षित बंद झाली. माझी काळजी वरून येणाऱ्या पाण्याची नाही, खालून येणाऱ्या पाण्याची आहे. समुद्र चढला की किनाऱ्याचं भूजलही चढतं आणि खारट होतं. मीठ सळईपर्यंत पोचलं की सळई गंजून फुगते आणि काँक्रीट सुटतं. वाशीतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीची गच्ची बघा. दुसरं, सीझियम धरून ठेवायला चिकणमातीचा भरवसा असतो, पण खाऱ्या पाण्यात सोडियम-पोटॅशियमची इतकी गर्दी होते की सीझियमला मातीत जागाच मिळत नाही, सकाळच्या पनवेल लोकलसारखी. मार्शल बेटांवर अमेरिकेने अणुचाचण्यांचा कचरा एका खड्ड्यात भरून वर काँक्रीटचा घुमट बांधला. खड्ड्याला खालून अस्तर नाही, त्यामुळे आतलं पाणी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतं. आपल्या चरांना अस्तर आहे. ते किती वर्षं टिकेल, याचा हिशेब कुठला समुद्र धरून केलाय, एवढंच मला विचारायचंय.

ट्रॉम्बेला काही गळतंय असं मी म्हणत नाही. चरांभोवती बोअर आहेत आणि त्यांचं पाणी तपासलं जातं. पण त्या बोअरमधल्या पाण्याची पातळी आणि खारटपणा दर वर्षी लोकांसमोर ठेवा. त्यात बॉम्बचं गुपित काही नाही, आमच्या सोसायटीच्या बोअरवेलचाही तोच रिपोर्ट येतो. आणि ट्रॉम्बे, तारापूर, कल्पाक्कम या तिन्ही ठिकाणी दर दहा वर्षांनी समुद्राचा आणि पावसाचा नवा आकडा घालून चरांचा हिशेब पुन्हा मांडा. मागचा आकडा खोडू नका, शेजारी लिहा.

येत्या पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांना मी नेहमीसारखा तलावावर पट्टी घेऊन असेन. अलीकडच्या काठाचं माप आपल्याला हवं तेव्हा पाठवतो. पलीकडचं आपण कळवा.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता
वाशी, नवी मुंबई