मंत्रीमहोदय, ओहोटी अचानक येत नाही

मा. बंदरे व जलवाहतूक मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहिणार होते. पण गेले अकरा आठवडे मी थोडक्यातच लिहितेय, अर्ज, मग स्मरणपत्र, मग परत अर्ज, मग पोर्टलवर तक्रार, आणि काल त्याचं जे उत्तर आलं ते वाचल्यावर थोडक्यात लिहायची इच्छाच उरली नाही. उत्तर दोन ओळींचं आहे. "सदर घटना समुद्राच्या नैसर्गिक स्थितीमुळे घडली असून त्यास कोणीही जबाबदार नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे."

सदर घटना म्हणजे माझी आई आहे, साहेब. वय ७१. अकरा आठवड्यांपूर्वी ती रोज सकाळी एकटी फिरायला जायची, आज बाथरूमला जायचं तर मला हाक मारते, आणि हाक मारताना तिला होणारा संकोच मला रात्री दोन वाजता, चार वाजता ऐकू येतो.

झालं ते सांगते, कारण आपल्या कार्यालयातल्या कोणी ते विचारलेलंच नाही. आईला कधीपासून बंदर पाण्यावरून बघायचं होतं. सगळं आयुष्य ती समुद्राजवळ राहिली पण कायम किनाऱ्यावरून बघत. म्हणून मी दुपारच्या जेवणाच्या क्रूझची तिकिटं काढली, बारा वाजता निघायचं, बंदराला चक्कर, बोटीवरच जेवण, तीन वाजता परत. चढताना काही त्रास झाला नाही. बोटीचा डेक धक्क्याच्या जवळजवळ बरोबरीला होता, मध्ये चारेक मीटरची फळी टाकलेली, आई माझा हात न धरता चालत गेली आणि खिडकीची जागा पटकावून बसली.

ते तीन तास फार छान गेले आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मी बोटींच्या विरोधात नाही. कंटेनर उतरवणाऱ्या क्रेन बघून तिचं जेवण गार झालं. शेजारून मोठी बोट गेली की लाटेने पाण्याचा ग्लास टेबलावर इंचभर सरकायचा, तेवढ्यानेही ती खूश. पाण्यात ओळीने तरंगणाऱ्या लाल आणि हिरव्या बोयांबद्दल तिने माईकवाल्या मुलाला विचारलं, त्याला माहीत नव्हतं, मग मागच्या टेबलावरच्या एका काकांनी सांगितलं की आत शिरताना जगात बहुतेक ठिकाणी लाल डावीकडे ठेवायचे आणि हिरवे उजवीकडे, अमेरिका-जपानकडे उलटं. आई म्हणाली, म्हणजे समुद्रातपण रस्ते आखलेले असतात तर. हो आई, समुद्रात सगळं आखलेलं असतं. माझं भांडण त्यावरूनच आहे.

परत यायला उशीर झाला, तीन वीसला बोट लागली. तीच फळी, तीच जागा, पण आता धक्का आमच्या डोक्याच्या वर गेला होता आणि फळी घसरगुंडीसारखी उभी. एका बाजूला नुसता दोर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. फळीवर आडव्या पट्ट्या कधीतरी मारलेल्या असाव्यात, कारण खिळ्यांची भोकं मला दिसत होती, पट्ट्या तीनच उरलेल्या आणि मधला भाग शेवाळलेला. सगळी माणसं उतरायच्या बाजूला येऊन उभी. साधारण १२० जण होतो. जहाजांच्या तोलाचा हिशोब करताना माणशी ७५ किलो धरतात, म्हणजे ९ टन वजन एका कडेला. त्यामुळे बोट त्या बाजूला कलली, डेक आणखी खाली गेला. माईकवरून एकदा तरी सांगायचं होतं की बसून राहा, दहा-दहा जण उतरा. माईक होता ना, तीन तास गाणी वाजत होती त्याच्यावर!

आई फळीपाशी थांबली. "थांब गं जरा, धर मला" म्हणाली. मी धरलं. वरून खलाशी म्हणाला, "या आजी, काही नाही होत, हात द्या." मागून लोक घाई करत होते. तिने हात दिला, त्याने ओढलं, त्याच वेळी कुठल्यातरी बोटीची लाट आली आणि फळीचं खालचं टोक डेकवरून फूटभर सरकलं. आई कुशीवर पडली. आवाज आला. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. फळी आणि बोटीच्या मधल्या फटीत तिची चप्पल पडली आणि मी कितीतरी वेळ त्या चपलेकडेच बघत होते, खाली पाणी, धक्क्याला लटकवलेले टायर आणि त्यांच्या मध्ये ती चप्पल.

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. बोटीवर स्ट्रेचर नव्हतं, धक्क्यावर पण नव्हतं, चार माणसांनी तिला टेबलक्लॉथमध्ये घालून वर नेलं. ज्या टेबलक्लॉथवर आम्ही जेवलो त्याच्यात.

ऑपरेशन झालं, रॉड टाकलाय. या वयात खुबा मोडला की बरीच माणसं पुन्हा पहिल्यासारखी चालत नाहीत हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, तिला सांगितलेलं नाही, आणि आता हे पत्र कोणी तिला वाचून दाखवू नये एवढीच भीती आहे. माझी रजा संपली, मग बिनपगारी घेतली, मग ती पण संपली. धाकटी बहीण मुलांची परीक्षा सोडून येऊन राहिली. घरातल्या प्रत्येकाची झोप तुटली आहे आणि आई आम्हाला म्हणते की माझीच चूक, मी हट्ट केला.

तिची चूक नाही. आणि समुद्राची पण नाही.

ते उत्तर लिहिणाऱ्या साहेबांना ओहोटी म्हणजे काय वाटतं मला माहीत नाही, पण ती वादळासारखी अचानक येत नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक वर्षभर आधी छापून तयार असतं, तारीख, वेळ, पाण्याची उंची, सगळं. मी काढून बघितलं. त्या दिवशी अमावस्येचं उधाण होतं, भरती १२ वाजून ५ मिनिटांनी, आणि भरती-ओहोटीत पाण्याचा फरक ३ मीटर. पाणी सहा तासांत उतरतं पण सारखं उतरत नाही, खलाशी लोक बारा भागांचा साधा हिशोब करतात, पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, मग दोन, मग एक. म्हणजे पहिल्या तासात काही जाणवतच नाही आणि मधल्या दोन तासांत अर्धं पाणी निघून जातं. बाराला चढलेला माणूस सव्वातीनला उतरतो तो बरोब्बर या उताराच्या मध्यावर. सव्वातीन तासांत पावणेसात भाग, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मीटर पाणी खाली. माझ्या उंचीपेक्षा जास्त!

आता रॅम्पचं घ्या. व्हीलचेअरच्या रॅम्पला १ ला १२ असा उतार धरतात, त्या हिशोबाने एवढी उंची चढायला २० मीटरचा रॅम्प लागला असता. आमच्याकडे ४ मीटरची फळी होती.

आणि अजून एक गोष्ट, जी मला एका निवृत्त खलाशाने हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये सांगितली आणि मी ती ऐकून रडले. कुठल्याही एका बंदरात उधाणाची भरती साधारण त्याच घड्याळी वेळेला येते. म्हणजे दर अमावस्येला आणि दर पौर्णिमेला आणि त्याच्या पुढच्या एक-दोन दिवशी, बारा वाजता फळी सपाट आणि सव्वातीनला उभी. दर पंधरा दिवसांनी. क्रूझची वेळ तीच, ओहोटीची वेळ तीच, फळी तीच. मग याला अपघात म्हणायचं का हो? हे टाइमटेबल आहे.

मी तक्रार घेऊन आधी धक्क्याच्या कार्यालयात गेले. ते म्हणाले फळी बोटवाल्याची. बोटवाला म्हणाला फळी जमिनीवर टेकते म्हणजे धक्क्याची. मग सुरक्षा बघणाऱ्या खात्यात गेले, तिथे सांगितलं की आमच्याकडे बोटीवर झालेल्या घटना येतात, आणि या बाई बोटीवर पडलेल्या नाहीत. मग जमिनीवर पडल्या का? तर जमिनीवर पण नाहीत. माझी आई ज्या चार मीटरवर पडली ते चार मीटर तुमच्या राज्यकारभारात अस्तित्वातच नाहीत. पंधरा वर्षं मी टॅक्स भरतेय आणि मला पहिल्यांदा कळलं की दोन खात्यांच्या मध्ये एक फट असते आणि माणसं तिथेच पडतात. रस्ता खोदणारा वेगळा, बुजवणारा वेगळा, बसची पायरी ठरवणारा वेगळा आणि बसस्टॉपचा कट्टा बांधणारा वेगळा, आणि त्या दोघांमध्ये दीड फूट पाय टाकायचा तो सत्तरीच्या माणसाने. सगळीकडे हेच. तुमची सगळी व्यवस्था पंचवीस वर्षांच्या धडधाकट पुरुषासाठी बांधलेली आहे, बाकीच्यांनी हात द्यायचा आणि ओढून घ्यायचं.

फोनवर एक साहेब म्हणाले, बोटीची तपासणी झालेली आहे मॅडम, सर्टिफिकेट आहे. असेल ना. २०१२ साली हाँगकाँगमध्ये लामा ४ नावाची बोट बुडून ३९ माणसं गेली, त्यात ८ मुलं होती, नंतर चौकशीत निघालं की आतल्या भिंतीला पाणी अडवणारं जे दार असायला हवं ते बसवलेलंच नव्हतं, आणि लहान मुलांची लाईफ जॅकेटं नव्हती. वर्षानुवर्षं तपासण्या होत होत्या तिच्या. १९१५ मध्ये शिकागोत ईस्टलँड नावाची सहलीची बोट भर शहरात, धक्क्याला बांधलेली असताना आडवी झाली, ८४४ माणसं मेली, किनाऱ्यापासून काही फुटांवर. धक्क्याला लागली म्हणजे सुखरूप पोचली असं समजणारी माणसं कागद तपासतात, फळी तपासत नाहीत. आमच्या बोटीवर लाईफ जॅकेटं होती, बाकाखाली, आणि बाकाला कुलूप होतं. आंतरराष्ट्रीय प्रवासी जहाजांना प्रवाशांच्या १० टक्के एवढी मुलांची वेगळी जॅकेटं ठेवावी लागतात. आमच्या बोटीवर निदान वीस मुलं होती, त्यांची कुठे होती ते मी त्या कुलपामुळे बघू शकले नाही.

उपाय नाही असं नाही. तरंगता धक्का. पाण्याबरोबर वर-खाली होतो, बोट आणि तो कायम एका पातळीवर, आणि तिथून किनाऱ्यापर्यंत बिजागरीचा लांब, रेलिंगवाला पूल. लंडनला थेम्स नदीचं पाणी उधाणाला सातेक मीटर चढतं-उतरतं, आमच्या दुपटीहून जास्त, आणि तिथले पिअर असेच तरंगते आहेत. सिडनीत जुने फेरीचे धक्के एकेक करून असे बदलले. हे तंत्र काही चंद्रावरचं नाही.

आणि हे तुम्हालाही माहीत आहे, कारण तुम्हीच सांगितलं होतंत. १४ महिन्यांपूर्वी याच क्रूझ सेवेच्या उद्घाटनाला माईकवर म्हणालात, "सहा महिन्यांत इथे तरंगता धक्का उभा राहील, ज्येष्ठ नागरिकांना आणि दिव्यांगांना कोणताही त्रास होणार नाही." टाळ्या पडल्या. मी तो व्हिडिओ घरी बसून टीव्हीवर बघितला होता आणि आईला म्हणाले होते, बघ, तुझ्यासाठी करताहेत.

परवा रात्री झोप येईना म्हणून तो व्हिडिओ परत काढला. तुम्ही फळीवरून चालत बोटीवर जाता, फळीवर गालिचा, दोन्ही बाजूंना स्टीलचं रेलिंग (ते आज तिथे नाही, कुठे गेलं?), आणि फळी अगदी सपाट. घड्याळात बाराला पाच कमी. मी त्या दिवसाचं कोष्टक काढलं. पौर्णिमा. भरती १२ वाजता. अर्ध्या तासात तुम्ही फेरी मारून उतरलात, तोवर पाणी हातभरही उतरलेलं नव्हतं.

म्हणजे कोष्टक वाचता येणारं कोणीतरी तुमच्या खात्यात आहे. त्याने तुमची वेळ ठरवताना ते नीट वाचलं. माझ्या आईची वेळ ठरवताना वाचलं नाही, रोजच्या १२० माणसांची वेळ ठरवताना वाचलं नाही. अकरा आठवड्यांत मला सगळ्यात जास्त दुखलंय ते हे, हॉस्पिटलचं बिल नाही, बिनपगारी रजा नाही.

भरपाई मी मागितलेली नाही, अर्जात बघा, कुठेच नाही. तरंगता धक्का होईपर्यंत उधाणाच्या दिवशी क्रूझची वेळ बदला, एवढं तर उद्यापासून होतं, त्याला टेंडर लागत नाही. फळीला दोन्ही बाजूंनी रेलिंग आणि नवीन पट्ट्या लावा, खालचं टोक बांधून ठेवा. धक्क्यावर एक स्ट्रेचर ठेवा. बाकांची कुलपं काढा. फळी कोणाची ते एका कागदावर लिहा आणि खाली कोणाची तरी सही घ्या. आणि "कोणीही जबाबदार नाही" हे वाक्य मागे घ्या, कारण ते वाचल्यापासून आई पुन्हा म्हणायला लागली आहे की मग माझीच चूक.

येत्या शुक्रवारी पौर्णिमा आहे. क्रूझचं बुकिंग चालू आहे, मी बघितलं, ज्येष्ठ नागरिकांना सवलत पण आहे. तुम्ही एकदा या अशी माझी विनंती आहे. बाराला नका येऊ. सव्वातीनला या आणि ती फळी चढून दाखवा, मी खाली उभी असेन.

एक मुलगी