‘हाताने भरलेले सूफ’ म्हणून यंत्रावर भरलेले कुर्ते पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: नवरात्र संग्रहातील आठ कुर्ते परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

सोबत जोडलेल्या पावतीनुसार आमच्या भरतकाम मंडळाने आठ कुर्ते (प्रत्येकी ₹4,200) आणि दोन ओढण्या मागवल्या होत्या. ओढण्यांबद्दल तक्रार नाही. त्यावरचे कच्छच्या रबारी समाजाच्या पद्धतीचे साखळी टाक्याचे काम हाताचेच आहे आणि सुबक आहे. कुर्त्यांच्या टॅगवर मात्र ‘कच्छच्या सोढा स्त्रियांनी हाताने भरलेले सूफ, काचेचे आरसे’ असे छापले आहे. त्यातले एकही विधान खरे नाही.

सूफ म्हणजे धागे मोजून त्रिकोणांची नक्षी भरण्याचे कच्छी भरतकाम; ही नक्षी कापडावर छापत किंवा आखत नाहीत. बाई कापडाची उलट बाजू आपल्याकडे धरते आणि उभे-आडवे धागे मोजत त्रिकोण भरते. भरण्याचा दोरा जवळजवळ सगळा सुलट बाजूला राहतो; मागे त्रिकोणाच्या कडेने तेवढे बारीक टाके दिसतात. आता तुमच्या कुर्त्याचा योक (खांदे-छातीवरचा वेगळा जोडलेला भाग) उलटा करून पाहा. पुढे लाल, हिरवा, पिवळा असे रंग, पण मागे सगळीकडे मशीनच्या बॉबीनचा (खालच्या रिळाचा) एकच पांढरा दोरा. नक्षीच्या कडेला, मशीनवर भरताना कापडाखाली लावून नंतर फाडून काढलेल्या बॅकिंग पेपरचे तुकडे अजून अडकलेले आहेत. शिवाय कापड जॉर्जेट. त्याच्या पीळदार, सरकत्या धाग्यांवर मोजून सूफ भरायला कोणी सहसा बसणारच नाही.

पहिल्या तक्रारीवर तुमचे उत्तर आले की ‘हातकामात थोडा कमीजास्तपणा असतोच’. अहो, तो कुठे दिसत नाही हीच तर तक्रार आहे! आठही कुर्त्यांवर डाव्या खांद्याकडून तिसऱ्या त्रिकोणाचे टोक सुटले आहे, त्याच जागी आणि तेवढेच. ही डिझाइनच्या फाइलमधली चूक आहे, मशीनने ती प्रत्येक कुर्त्यावर इमानेइतबारे उमटवली.

आरसे प्लास्टिकचे आहेत. हातकामात आधी आरशावरून आडवे-उभे दोरे ताणून जाळे करतात आणि मग त्या जाळ्यात अडकवत भोवतीने टाके घालतात, म्हणून काच घट्ट बसते. इथे दोऱ्याची तयार रिंग चिकटवलेला आरसा गोंदाने कापडावर डकवला आहे. एक कुर्ता टॅगवरच्या सूचनेप्रमाणे थंड पाण्यात, हाताने धुतला. गळ्याजवळचे पाच आरसे सुटून बादलीच्या तळाशी गेले. उलट बाजूने कोमट इस्त्री फिरवल्यावर उरलेल्यांपैकी काही वाकडे झाले.

यंत्रावरच्या भरतकामाला आमचा विरोध नाही. ते त्या नावाने आणि त्या भावाने विकावे. सूफ जपणाऱ्या सोढा आणि मेघवाळ कुटुंबांपैकी अनेक 1971 च्या युद्धानंतर पाकिस्तानातल्या सिंधमधील थरपारकरहून कच्छात आली. घरच्या दागदागिन्यांइतकेच हे काम त्या बायकांनी सांभाळले. स्त्रियांच्या हातांचा गौरव म्हणून तुम्ही जो जादा भाव लावला, त्यातले या कुर्त्यांमागे त्यांच्या पदरात काय पडले, हे लेखी कळवावे.

आमच्या मागण्या अशा: आठ कुर्त्यांचे ₹33,600 पंधरा दिवसांत ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. कूपन किंवा बदली माल चालणार नाही. तसेच या कुर्त्याच्या विक्रीपानावरून आणि टॅगवरून ‘हाताने भरलेले’ व ‘काचेचे आरसे’ हे शब्द काढावेत, आणि हाच कुर्ता घेतलेल्या इतर ग्राहकांनाही तसे कळवावे.

मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये दिशाभूल करणारी जाहिरात व अनुचित व्यापारी प्रथा यांबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

योकच्या दोन्ही बाजूंचे फोटो, टॅग आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. सात कुर्ते बांधून तयार आहेत, ते नेण्यासाठी तुमच्या खर्चाने कुरिअर पाठवावे. धुतलेला आठवा कुर्ता आणि सुटलेले पाच आरसे तक्रार निकाली निघेपर्यंत पुरावा म्हणून आमच्याकडेच राहतील.

आपल्या,
भरतकाम मंडळाच्या सभासद