‘कार्टून’ म्हणून बाजूला सारण्याआधी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या ‘स्क्रीन टाइम’विषयी आलेला लेख वाचला. मुले किती तास पडद्यासमोर बसतात, याची त्यात व्यक्त झालेली काळजी रास्त आहे आणि एका नऊ वर्षांच्या मुलीची आई म्हणून ती मलाही आहे. परंतु त्या लेखात ‘कार्टून’ हा एकच शब्द सगळ्यांना सरसकट लावला आहे, जणू रेखाटलेले जे जे काही हलते ते सगळे सारखेच. तासांचा हिशेब मांडताना त्या तासांत मुले नेमके काय पाहतात, हा प्रश्न मात्र राहूनच गेला. गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेतल्या पालकसभेतही हाच सूर होता. घरात कार्टून पूर्ण बंद करा, असे आम्हाला सांगण्यात आले आणि मी उठून ‘सगळीच का?’ असे विचारले, तेव्हा उत्तर न देता पुढचा विषय घेण्यात आला. त्या दिवशी जे बोलायचे राहिले, ते आपल्या स्तंभातून मांडू इच्छिते.

मी ज्या मालिकेविषयी लिहिते आहे, ती ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज’, म्हणजे मुखवटा चढवून गुन्हेगारांशी लढणाऱ्या बॅटमॅनची रेखाटलेली मालिका. ब्रूस टिम आणि एरिक रॅडॉम्स्की यांनी उभी केलेली ही मालिका सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत मुलांसाठीच्या कार्यक्रमांत सुरू झाली आणि १९९५ पर्यंत तिचे ८५ भाग झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या नाशिकरोडच्या घरी केबल आली, तेव्हा कॉलेजात जाणारी मी ती धाकट्या भावाच्या निमित्ताने पाहू लागले आणि भावाची आवड पुढे क्रिकेटकडे वळली तरी माझे पाहणे सुटले नाही. आता माझी मुलगी पाहते, मी तिच्या शेजारी बसते आणि गेल्या पावसाळ्यापासून चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आईही आमच्यात येऊन बसते. तीन पिढ्यांना एकाच वेळी खिळवून ठेवणारे आमच्या घरात दुसरे फारसे काही नाही, म्हणून याचे कारण काय असावे, याचा मी बराच विचार केला.

पहिले कारण डोळ्यांना दिसणारे आहे. या मालिकेची पार्श्वचित्रे काळ्या कागदावर रंगवली गेली. एरवी पांढऱ्या कागदावर चित्र काढून हवा तिथे अंधार भरतात. इथे अंधार आधीपासूनच आहे आणि चित्रकाराने त्यात फक्त उजेड ठेवला आहे, म्हणजे एखादी खिडकी, रस्त्यावरचा दिवा, ओल्या डांबरावरची चमक. त्यामुळे बॅटमॅनचे गॉथम शहर रात्रीतून हळूहळू वर आल्यासारखे वाटते. माझ्या मुलीने एकदा वहीचे पान काळ्या खडूने पूर्ण भरून त्यावर पिवळ्या खडूने एकच खिडकी काढली. तिला काळ्या कागदाविषयी कोणी काही सांगितले नव्हते, तिने ते पाहून पाहून ओळखले होते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. लहान-मोठ्यांनी एकत्र पाहावे म्हणून केलेल्या पुष्कळ कार्यक्रमांत मुलांसाठी धावपळ आणि मोठ्यांसाठी मुलांच्या डोक्यावरून जाणारे विनोद, अशी वाटणी केलेली असते. या मालिकेत ती वाटणी नाही. जे मोठ्यांना भिडते, तेच मुलांनाही भिडावे अशा तऱ्हेने ती लिहिली आहे आणि मुलांना ते समजेल यावर लिहिणाऱ्यांचा विश्वास आहे.

पॉल डिनी यांनी लिहिलेल्या ‘हार्ट ऑफ आइस’ या भागाचे उदाहरण देते. त्याच्या लेखनाला एमी हा अमेरिकेतला टीव्ही-पुरस्कार मिळाला होता. त्यातला मिस्टर फ्रीझ हा खलनायक मूळचा शास्त्रज्ञ. दुर्धर आजार झालेल्या पत्नीला गोठवून ठेवून तो तिच्यासाठी उपाय शोधत असतो. कंपनीचा मालक तो प्रयोग मध्येच बंद पाडतो, त्या झटापटीत शास्त्रज्ञ रसायनांत कोसळतो आणि त्यानंतर गोठणबिंदूखालच्या थंडीतच जिवंत राहू शकेल अशी त्याची अवस्था होते. पुढची मारामारी मुलीने श्वास रोखून पाहिली. सर्दीने बेजार झालेल्या बॅटमॅनसाठी त्याचा घरचा सेवक आल्फ्रेड याने थर्मासमध्ये दिलेले गरम सूप फ्रीझच्या थंडगार काचेच्या शिरस्त्राणावर पडते आणि काच तडकते, तिथे ती टाळ्या वाजवत उठली. पण शेवटी कोठडीत एकटा बसलेला फ्रीझ काचेच्या गोळ्यातल्या, बर्फात नाचणाऱ्या बाहुलीकडे पाहत राहतो, तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या. माझ्या आईला इंग्रजी संवाद कळत नाहीत. तिने नातीला हळूच विचारले, ‘‘हा रडतोय का गं?’’ मुलगी म्हणाली, ‘‘हो आजी, पण त्याचे अश्रू गोठतात.’’ मग बायकोची सगळी हकिकत तिने आजीला मराठीत सांगितली, आणि ती सांगताना ‘तो वाईट आहे’ असे तिने एकदाही म्हटले नाही. त्याने केले ते चूक होते आणि तरीही त्याचे दुःख खरे होते, हे दोन्ही तिला एकाच वेळी कळले होते. इतकी अवघड गोष्ट मी तिला समजावू गेले असते, तर मला जमले नसते.

या मालिकांत हिंसा असते, हा आक्षेप मी मोडीत काढत नाही. मारामारी आहेच. मात्र काय दाखवायचे नाही, याचा विचारही इथे कसा केला आहे, ते पाहण्यासारखे आहे. ‘रॉबिन्स रेकनिंग’ या दोन भागांच्या कथेत लहानग्या डिकचे, म्हणजे पुढे बॅटमॅनचा साथीदार रॉबिन होणाऱ्या मुलाचे, आई-वडील सर्कशीतल्या झोक्यावरून कोसळतात. ते कोसळताना आपल्याला दिसतच नाहीत. झोका चौकटीबाहेर जातो आणि परत येते ती केवळ तुटलेली दोरी. रक्त नाही, देह नाही. ती दोरी पाहून माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला, आणि या क्षणी आपण शेजारी आहोत, हे फार बरे झाले असे मला वाटले. अशा वेळी मूल एकटे नसावे, एवढे मी त्या पालकसभेत नक्की सांगितले असते. स्वयंपाक उरकेपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवून आपण निघून जायचे आणि नंतर कार्टूनला नावे ठेवायची, हे काही बरोबर नाही.

तिसरे कारण माझे स्वतःचे आहे. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते आणि पाळीवरून परतताना कधी कधी स्टेशनवरच्या स्टॉलवरून मराठीतले इंद्रजाल कॉमिक्स आणत. त्यातला मुखवटाधारी नायक वेताळ याच्या कवटीच्या गुहेचे चित्र आले की ते वाचायचे थांबत आणि मला आधी नीट पाहू देत. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झाले, तेव्हा माझ्याइतकेच वाईट त्यांनाही वाटले होते. या मालिकेतल्या ‘बिवेअर द ग्रे घोस्ट’ या भागात कळते की, लहानपणी ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, आपल्या वडिलांच्या शेजारी बसून टीव्हीवर एका मुखवटाधारी नायकाची मालिका पाहत असे. त्या नायकाची भूमिका करणारा नट आता म्हातारा झाला आहे, त्याला काम मिळत नाही आणि भाडे भरण्यासाठी त्याच्यावर जुन्या वस्तू विकण्याची वेळ आली आहे. त्या नटाला आवाज दिला आहे ॲडम वेस्ट यांनी, म्हणजे १९६६ ते १९६८ या काळातल्या मालिकेत ज्यांनी स्वतः बॅटमॅन साकारला होता त्यांनी. आपण वडिलांसोबत तुम्हाला पाहत असू आणि तुम्हीच माझे नायक होतात, असे बॅटमॅन त्या वृद्ध नटाला सांगतो. वडील गेल्यानंतर हा भाग मी पुन्हा पाहिला, तेव्हा मला काही काळ बोलता आले नाही. मुलीला मात्र तो आवडतो तो त्यातल्या, स्फोटके घेऊन धावणाऱ्या खेळण्यातल्या मोटारींसाठी, आणि तेही बरोबरच आहे.

आवाजांविषयी लिहिले नाही तर हे पत्र अपुरे राहील. २०२२ मध्ये दिवंगत झालेले केविन कॉनरॉय यांनी ब्रूस वेन आणि बॅटमॅन यांच्यासाठी वेगवेगळे दोन आवाज वापरले. मुखवटा चढतो तसा आवाज खाली उतरतो, आणि हे डोळे मिटूनही ओळखता येते. आवाज-दिग्दर्शिका आंद्रिया रोमानो कलाकारांना शक्यतो एकत्र बसवून ध्वनिमुद्रण करत, त्यामुळे संवादांत खरी देवघेव ऐकू येते. हे सारे माझ्या आईपर्यंत नातीच्या तोंडून पोहोचते, कारण मराठी आवाजातली ही मालिका मला शोधूनही मिळाली नाही. आपल्याकडे बालनाट्याची एवढी मोठी परंपरा असताना आणि शब्द तोलून बोलणारे इतके नट असताना अशा मालिका मराठीत का येऊ नयेत, हे मला उमगत नाही. नाशिककर म्हणून तर याची खंत अधिक वाटते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी साध्या आगकाड्या एकेक करून सरकवत त्या पडद्यावर नाचवल्या होत्या. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे आणि शाळांच्या सहली तिथे जातात. निर्जीव वस्तूत आणि रेषेत जीव भरण्याची ही कला तिथे मुलांना समजावून सांगता येईल.

आपल्याला विनंती एवढीच की, नाटक-सिनेमाची परीक्षणे आपण जशी छापता, तशी मुलांसाठीच्या ॲनिमेशन मालिकांचीही जाणत्या माणसांकडून लिहून घ्यावीत. कोणती मालिका कोणत्या वयाला योग्य, कोणती मुलांसोबत बसूनच पाहावी आणि कोणती टाळावी, हे पालकांना त्यातून कळेल. निदान पंधरवड्यातून एकदा तेवढी जागा मिळावी. ‘बंद करा’ या सल्ल्यापेक्षा त्याचा उपयोग मला अधिक होईल आणि त्या पालकसभेत गप्प बसलेल्या इतर आयांनाही होईल.

येत्या रविवारी आम्ही ‘रॉबिन्स रेकनिंग’चा दुसरा भाग पाहणार आहोत. ती दोरी कोणी कापली, तो माणूस सापडतो की नाही, हे आई गुरुवारपासून विचारते आहे आणि मुलगी तिला काही केल्या सांगत नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक, नाशिक