मोडनिंबच्या पुढे भेटलेल्यांचे आभार

आमच्या यांच्या पायाला भिंगरी आहे. पहाटे सायकलवर तुळजापूर करून येतील, सुट्टी लागून आली की विजापूर गाठतील. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43 वर गेला तरी घरात करमत नाही!

परवा 600 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, गेले होते. मुदत 40 तासांची, वाटेत घरची गाडी सोबत ठेवता येत नाही, म्हणून मी नुसती फोनकडे बघत बसलेली.

मोडनिंब सोडल्यावर रात्री मागचा टायर कडेने फाटला. नवी ट्यूब घातली तर ती चिरेतून फुग्यासारखी बाहेर यायला लागली. पंक्चरचं दुकान बंद होतं. पण आत झोपलेले दादा उठले, ट्रकच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापला, कडा घासून पातळ केल्या आणि टायरच्या आतून नीट बसवला. तमिळनाडू पासिंगच्या ट्रकचे ड्रायव्हर तोवर टॉर्च धरून उभे. भाषेचा पत्ता नाही, पण हवा भरताना जोर लावायला तेच पुढे. शेजारच्या ढाब्यावरच्या मावशींनी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही पुढ्यात ठेवलं आणि आपल्या मोबाईलवरून मला फोन लावून दिला. यांचा बंद होता, नेहमीप्रमाणे.

दादा, ड्रायव्हरभाऊ, मावशी, तुम्हा तिघांचे मनापासून आभार. नावं विचारायचं काही आमच्या माणसाला सुचलं नाही. ब्रेव्हे मुदतीत पूर्ण झाली. मावशी, दह्याभाकरीचे पैसे तेव्हा घेतले नाहीत, पण मी येईन तेव्हा घ्यावे लागतील.