तुझ्या यादीबद्दल

प्रिय बाळा,

कथांमधली कोणती पात्रं येशूसारखी आहेत, ही तुझी यादी वाचली. मरून परत येतो तो येशू, असा सरळ हिशेब मांडून तू नार्नियातला सिंह अस्लान, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला जादूगार गँडाल्फ आणि हॅरी पॉटर यांना एका ओळीत बसवलंस. नावं बरोबर आहेत, पण ती ओळ मला पटली नाही.

अस्लानचं सोपं आहे. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ या 1950 च्या पुस्तकात सी. एस. लुईसने फारसं काही लपवलेलंच नाही. फितूर झालेल्या एडमंडच्या बदल्यात अस्लान दगडी मेजावर मरतो, पहाटे ते मेज दुभंगतं आणि जिवंत झालेला अस्लान आधी दिसतो तो दोन मुलींना. बायबलातल्या शुभवर्तमानातही येशूची रिकामी कबर आधी स्त्रियांनाच दिसते.

हॅरीचं मात्र नीट बघ. सातव्या पुस्तकात ख्रिसमसच्या आदल्या रात्री तो आईवडिलांच्या थडग्यापाशी जातो. शेवटी नाहीसा होणारा शत्रू म्हणजे मृत्यू, असं तिथे कोरलेलं आहे. हे वाक्य बायबलात पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, पण पुस्तक तसं सांगत नाही. हॅरी दचकतो, त्याला तो डेथ ईटर्सचा, म्हणजे दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टच्या अनुयायांचा, विचार वाटतो. आणि त्याचं दचकणं रास्त आहे! मृत्यूला हरवायचं तर व्होल्डेमॉर्टलाही आहेच. त्यासाठी तो दुसऱ्यांचे जीव घेतो. हॅरी दुसऱ्यांसाठी छडी न उगारता जंगलात मरायला जातो. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ समोरासमोर उभे राहतात, म्हणून ते थडगं मला तुझ्या यादीतल्या पुनरागमनापेक्षा मोलाचं वाटतं.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनकडे तर एकच एक ख्रिस्त सापडत नाही. गँडाल्फ मरून परततो, नष्ट करायच्या दुष्ट अंगठीचं ओझं फ्रोडो वाहतो, आणि हाताच्या स्पर्शाने बरं करणारा राजा अ‍ॅरागॉर्न. टोल्किनला रूपककथा आवडत नसत, तरी हे पुस्तक मुळात कॅथलिक आहे असं त्याने 1953 साली एका धर्मगुरू मित्राला कळवलं होतं. तारखा बघ: अंगठी नष्ट करायला मंडळी रिव्हेंडेल या गावाहून निघतात 25 डिसेंबरला, अंगठी नष्ट होते 25 मार्चला. 25 मार्च म्हणजे देवदूताने मारियेला शुभवार्ता सांगितली तो सण, आणि जुन्या परंपरेनुसार येशू क्रूसावर मेला तोही दिवस. कथेतल्या कुणालाच याचा पत्ता नाही.

पण तारखा सापडल्या म्हणून थांबू नकोस. माझ्या मते त्या पुस्तकातली सगळ्यात ख्रिस्ती गोष्ट फ्रोडोची हार आहे. एवढं सोसून, ज्वालामुखीच्या कड्यावर उभा राहून तो अंगठी टाकायला नकार देतो, ती आपलीच म्हणतो. तिथे त्याची इच्छाशक्ती संपते. काम पूर्ण होतं ते अंगठीच्या लोभाने मागे लागलेल्या गॉलममुळे, तो ती हिसकावतो आणि तिच्यासकट खाली पडतो, आणि गॉलम तिथवर जिवंत असतो कारण अंगठी आधी बाळगणाऱ्या बिल्बोने आणि मग फ्रोडोनेही त्याच्यावर दया केली होती. माणसाचं बळ जिथे पुरत नाही तिथे कृपा कामी येते, हे चर्चचं शिकवणं टोल्किनने देवाचं नाव न घेता कथेत मुरवलं आहे. दर वेळी वाचताना माझा गळा दाटतो.

आता तुला एक काम. त्या ज्वालामुखीच्या उतारावर फ्रोडोचा सोबती सॅम याच्या हातात तलवार असते आणि गॉलम पायाशी पडलेला असतो. सॅम एरवी त्याचा राग राग करतो, तरी त्या क्षणी त्याला मारत नाही. ते पान परत वाच आणि का मारत नाही ते मला लिही. सॅमने स्वतः थोडा वेळ अंगठी बाळगली होती, हे विसरू नकोस.

तुझी,
आई